पाझरणारे मग: कोन ०६ आणि कोन ६ यांच्या मधोमध अडकलेली एक दिवाळी ऑर्डर

तक्रार साधी होती. मगाला आतून-बाहेरून ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर होणारा काचेचा थर, छान बसलेलं, बोट फिरवलं तर गुळगुळीत, रंगही हवा तसा उतरलेला. तरी पाणी भरून टेबलावर ठेवला की दोन-तीन तासांत बुडाखाली ओलं कडं उमटायचं. चहा भरला तर ते कडं तपकिरी व्हायचं. मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर आतलं दूध कोमट आणि कान मात्र हात लावता येणार नाही इतका तापलेला. काही आठवड्यांनी ग्लेझवर केसासारखी बारीक जाळी दिसायला लागली.

हे मग कोपरीत राहणाऱ्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेचे. शाळेत त्यांनी मला शिकवलंय, त्यामुळे माझ्यासाठी त्या बाईच. निवृत्तीनंतर त्यांनी कुंभाराचं चाक शिकून घेतलं, घराच्या बाल्कनीत एक छोटं विजेचं चाक बसवलं, आणि ओळखीच्या बायकांकडून दिवाळीच्या भेटीसाठी दोन डझन मग आणि बशांची ऑर्डर घेतली. घरी भट्टी नाही. ठाण्यातल्या सोसायटीत ती ठेवणं सोपंही नाही, कारण थ्री-फेज जोडणी, महावितरणकडून वाढवून घ्यावा लागणारा मंजूर भार, धुराला वाट आणि शेजाऱ्यांची संमती असं सगळं जमवावं लागतं. म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी टबात भरून त्या ट्रान्स-हार्बरच्या लोकलने रबाळ्याला जायच्या. तिथल्या एका गाळ्यात शेल्फच्या हिशेबाने पैसे घेऊन भांडी भाजून देतात. ठाणे, ऐरोली, कोपरखैरण्याचे पुष्कळ शिकाऊ लोक तिथेच येतात.

ऑर्डरमधले दहा मग आणि सगळ्या बशा ग्लेझ होऊन आल्या होत्या. दहा मग नुसते बिस्क झालेले, म्हणजे पहिल्यांदा भाजलेले, ग्लेझ न लावलेले होते. उरलेल्या चार मगांवर बाईंनी लाल मातीची उठावदार पानं चिकटवली होती, तेही बिस्कच.

सगळ्यांचा एकच सल्ला

बाईंनी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच उत्तर दिलं: ग्लेझ पातळ बसलंय, आणखी एक हात द्या. बाईंनी एका मगाला तसा हात देऊन तो पुन्हा भाजून आणला. ग्लेझ जाड झालं, बुडाकडे थोडं साचलं, आणि मग पाझरायचा तो पाझरतच राहिला.

हा सल्ला इतका सहज दिला जातो की त्याच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ग्लेझ म्हणजे काचेचा थर. तो भांडं धुवायला सोपं करतो, रंग देतो. पण मगाच्या बुडाला ग्लेझ लावता येत नाही, नाहीतर तो शेल्फला चिकटतो. म्हणजे बुडाची उघडी माती कायम पाण्याच्या संपर्कात येणार. शिवाय वरच्या थराला एक जरी सूक्ष्म तडा गेला, की द्रव आत शिरतो आणि सच्छिद्र मातीतून वाट काढत खाली येतो. पाणी खऱ्या अर्थाने अडवायचं असेल तर खालची मातीच घट्ट व्हावी लागते, आणि ती किती घट्ट होईल हे भट्टी ठरवते.

मी बाईंना विचारलं, "माती कोणती वापरलीत?"

"अगं, गुजरातहून येते ती स्टोनवेअर, जास्त तापमानाला भाजायची. गोणीवर सहा लिहिलंय."

"आणि ग्लेझ?"

"त्याच्या बरणीवरही सहाच आहे की. म्हणून तर घेतलं."

बरणी मागवून पाहिली. तिच्यावर ०६ होतं.

शून्याने पडलेला फरक

भट्टीतली उष्णता मोजायला कुंभारकामात कोन वापरतात. कोन म्हणजे ठरावीक मिश्रणाचे छोटे, तिरके उभे केलेले सुळके. ठरलेली उष्णता मिळाली की ते मऊ होऊन वाकतात. जर्मनीत हेर्मान झेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनच्या शाही पोर्सिलेन कारखान्यात ही पद्धत बसवली. अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ पासून त्यांची निर्मिती सुरू केली, आणि आज शिकाऊ लोकांच्या हातात येणारे आकडे बहुतेक ऑर्टनच्या तक्त्यातले असतात.

सुरुवातीचे आकडे १ पासून वर चढत गेले. पुढे कमी तापमानाच्या कोनांची गरज पडली, तेव्हा खाली जागा नव्हती म्हणून आकड्याआधी शून्य जोडून उलटा क्रम लावला गेला. त्यामुळे ०१ च्या खाली ०२, त्याच्या खाली ०३, असं उतरत जावं लागतं. ०६ म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअस. ०४ म्हणजे १०६० च्या आसपास. ६ म्हणजे साधारण १२२० अंश. बाईंच्या मातीला आणि ग्लेझला मिळून ज्या दोन भट्ट्या हव्या होत्या, त्यांच्यात सव्वादोनशे अंशांचं अंतर होतं.

गाळ्यातल्या दादांनी नेहमीप्रमाणे विचारलं होतं, "ग्लेझच्या बरणीवर काय लिहिलंय?" बाईंनी बरणी दाखवली, त्यांनी त्याप्रमाणे भट्टी लावली. ग्लेझ त्यांच्या हिशेबाने अगदी बरोबर वितळलं. माती कोणती हा प्रश्न त्या व्यवहारात कुठे आलाच नाही. तिथे येणारे बहुतेक लोक लाल माती किंवा कमी तापमानाची पांढरी माती वापरतात आणि त्यांचं काम हजारच्या आसपास भागतं, म्हणून तो प्रश्न विचारायची सवयही नव्हती.

तपासणी

संशय पक्का करायला आम्ही एक मग फोडला. बाईंना ते जड गेलं, पण काठ दिसल्याशिवाय खात्री होत नाही. आतली माती खडूसारखी, फिकट गुलाबीसर होती. जीभ लावली तर चिकटत होती. ग्लेझ वर सायीसारखं वेगळं बसलेलं दिसत होतं; पूर्ण भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये माती आणि ग्लेझ यांच्या सीमेवर दोघं एकमेकांत थोडे विरघळलेले असतात, ते इथे नव्हतं.

आवाजही तेच सांगत होता. माठ घेताना आपण बोटाने टिचकी मारून पाहतो, आणि गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटी मारून कच्चं मडकं ओळखल्याची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. ती परीक्षा स्टोनवेअरलाही चालते. बाईंचा मग बद्द वाजत होता. माझ्याकडचा, त्याच गोणीच्या मातीचा पण कोन ६ ला भाजलेला वाडगा खणखणीत वाजला.

मग वजनाची परीक्षा. ही प्रत्येक शिकाऊ माणसाने घरच्या काट्यावर करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. ग्लेझ नसलेला, भाजलेला तुकडा पूर्ण कोरडा करून वजन घ्यायचं. प्रयोगशाळेत तो पाच तास उकळून पुढे २४ तास त्याच पाण्यात ठेवतात. घरी दोन तास उकळून रात्रभर ठेवलं तरी अंदाज येतो. बाहेर काढून ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपायचं आणि पुन्हा वजन करायचं. वाढलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले शंभर. कोरडा तुकडा १०० ग्रॅम आणि भिजून ११२ झाला, तर शोषण १२ टक्के. अन्नपाण्याच्या स्टोनवेअरमध्ये हे दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावं, अशी बहुतेक कुंभारांची अपेक्षा असते. बाईंच्या न ग्लेझलेल्या बिस्क मगाचं शोषण दहा टक्क्यांच्या वर गेलं.

इतर तक्रारींचा उलगडाही इथेच झाला. भिंतीत मुरलेलं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापतं, म्हणून कान भाजत होता. जाळी पडण्याचं कारणही हेच. सच्छिद्र माती हवेतला ओलावा शोषून हळूहळू किंचित फुगते, ग्लेझ फुगत नाही, आणि ताणाने ते चिरतं. खाडीकाठच्या दमट हवेत हे लवकर दिसून येतं.

मातीत काय होतं

बाईंचा पुढचा प्रश्न रास्त होता: "हजार अंश म्हणजे काय कमी झालं? मग त्यात कच्चं काय राहिलं?"

भट्टीत भांडं चढत जातं तसे टप्पे येतात. शंभर अंशांपर्यंत मातीत अडकलेलं साधं पाणी जातं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये भांडं दिसायला वाळलेलं असतं, पण गालाला लावलं तर गार लागतं. म्हणजे आत पाणी आहे. अशा भांड्याला घाई केली तर वाफ भिंत फोडून बाहेर येते. पावसाळ्यात बिस्कच्या आधी ८०-९० अंशांवर काही तास भट्टी नुसती धरून ठेवावी लागते ती यासाठी.

साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान मातीच्या रचनेत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी निघून जातं. इथून पुढे ती पाण्यात पुन्हा कालवली जाणार नाही. माती भांडं होते ती इथे. ५७३ अंशांना त्यातल्या क्वार्ट्झचे स्फटिक रूप बदलतात आणि अचानक किंचित फुगतात. उतरताना त्याच ठिकाणी आकसतात. भट्टी लवकर उघडल्यावर 'टक्' असा आवाज येऊन भांडं तडकतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. ७०० ते ९०० च्या पट्ट्यात मातीतला सेंद्रिय कचरा जळतो. हा टप्पा घाईने ओलांडला तर अडकलेला वायू पुढे ग्लेझमधून बुडबुडे काढतो.

हजार अंशांना काय मिळतं? टणक, टिकाऊ, पण आत असंख्य पोकळ्या असलेलं भांडं. लाल मातीला एवढं पुष्कळ होतं, कारण तिच्यातलं लोह आणि इतर द्रावक, म्हणजे माती लवकर वितळवणारे घटक, तिला कमी तापमानातच घट्ट करायला लागतात. स्टोनवेअरची घडणच वेगळी. तिच्यातलं फेल्डस्पार नावाचं खनिज अकराशेच्या पुढे वितळायला लागतो, पोकळ्यांमध्ये काच भरते आणि भांडं आकसतं. बाईंची माती त्या टप्प्याच्या अलीकडेच थांबवली गेली. ती कच्ची नव्हती, अर्ध्या वाटेवर होती.

इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. सच्छिद्र भांडं म्हणजे वाईट भांडं असं नवशिक्यांच्या मनात बसतं, ते योग्य नाही. माठातलं पाणी गार होतं ते त्यातून पाझरणारं पाणी बाहेर वाळतं म्हणूनच. धारावीच्या कुंभारवाड्यात आव्यात भाजलेले माठ, पणत्या, कुंड्या कोन ६ पर्यंत कधीच पोचत नाहीत, आणि पोचले तर त्यांचं काम बिघडेल. आव्याचं तापमान साधारण ७०० ते ९०० अंश. तिथल्या जाणत्या कारागिराला आतला रंग पाहून ते कळतं. खड्ड्यात भाजणं आणि राकू (लालभडक भांडं भट्टीतून काढून झटकन थंड करण्याची पद्धत) यांतूनही सच्छिद्र भांडीच मिळतात, ती पाहण्यासाठी, फुलांसाठी उत्तम, रोजच्या चहासाठी नाहीत. बाईंच्या मगांचा दोष एवढाच, की त्यांच्याकडून मगाचं काम अपेक्षित होतं.

दुरुस्ती

पाझरणारे उरलेले नऊ मग तसेच जास्त तापमानाला चढवून घेता येतील का, हे बाईंनी आधी विचारलं. येत नाही. ०६ चं ग्लेझ १२२० अंशांना पाण्यासारखं पातळ होऊन ओघळतं, शेल्फ खराब करतं आणि शेजारच्या लोकांची भांडीही बिघडवतं. सामायिक भट्टीत हा धोका घ्यायचा नाही, यावर माझं मत ठाम आहे. ते मग बाजूला ठेवले.

साधे दहा बिस्क मग वाचण्यासारखे होते. त्यांच्यासाठी कोन ५-६ चं, अन्नासाठी योग्य असं लिहिलेलं ग्लेझ आणलं आणि आधी त्याच मातीच्या पट्ट्यांवर चाचणी घेतली.

उरले पानांचे चार. त्यांची पानं बाईंनी रोपवाटिकेतून आणलेल्या लाल मातीची केली होती. अशी माती १२२० अंशांना बहुतेक वेळा फुगते किंवा वितळते. एक सुटं पान आम्ही बिस्क मातीच्या छोट्या ताटलीत ठेवून भट्टीत दिलं, म्हणजे वितळलं तरी शेल्फला लागणार नाही. बाहेर आलं ते तपकिरी, चकचकीत, फोड आलेलं थेंबासारखं काहीतरी. त्यामुळे माती स्टोनवेअर असूनही त्या चार मगांना १२२० अंशांपर्यंत नेण्याची वाट बंद झाली. एका भांड्यात दोन माती आल्या की जी आधी हार मानते तिच्या तापमानावर थांबावं लागतं.

आता भट्टी. दादांच्या भट्टीच्या कंट्रोलरवर शेवटचं तापमान १२२२ टाकून 'लावा' म्हणणं पुरेसं नव्हतं. भांड्यावर परिणाम होतो तो तापमान आणि वेळ या दोघांचा मिळून. शेवटच्या शंभरेक अंशांत भट्टी तासाला ६० अंशांनी चढली तर कोन ६ साधारण १२२२ ला वाकतो. तासाला १५० अंशांनी चढली तर तोच कोन वाकायला १२४० च्या आसपास जावं लागतं. कंट्रोलरवरचा आकडा म्हणजे थर्मोकपलच्या, म्हणजे भट्टीतल्या तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकाजवळचं त्या क्षणाचं तापमान, आणि जुन्या थर्मोकपलचं वाचन सरकलेलंही असू शकतं. कोन मात्र भांड्याशेजारी उभा राहून भांड्याला मिळालेलीच उष्णता घेतो.

म्हणून वरच्या आणि खालच्या शेल्फवर ५, ६ आणि ७ असे तीन-तीन कोन मातीच्या पट्टीत रोवून ठेवले. ग्लेझ चिकटू नये म्हणून शेल्फला अ‍ॅल्युमिना हायड्रेट आणि केओलिन (पांढरी चिनी माती) यांचा हात दिला. मगांच्या बुडापासून तीनेक मिलिमीटर उंचीपर्यंतचं ग्लेझ ओल्या स्पंजने पुसून घेतलं. चढण अशी ठेवली: पहिल्या दोनशे अंशांपर्यंत हळू, पुढे अकराशेपर्यंत तासाला साधारण १५०, तिथून शेवटपर्यंत ६०, आणि वर पोचल्यावर १५ मिनिटं धरून ठेवणं. उतरणीला दार शंभरच्या खाली येईपर्यंत उघडायचं नाही, असं दादांशी आधीच बोलून घेतलं. सामायिक भट्टीत पुढचं गिऱ्हाईक वाट पाहत असतं आणि दार अर्धवट उघडायचा मोह होतो.

काय निघालं

वरच्या शेल्फवर कोन ६ पूर्ण लवला होता आणि ७ जरा झुकला होता. खालच्या शेल्फवर ५ आडवा, पण ६ अर्धाच वाकलेला. कंट्रोलरने दोन्ही शेल्फसाठी एकच आकडा दाखवला होता. वर आणि खाली जवळपास एका कोनाचा फरक आहे, हे दादांनाही तेव्हाच दिसलं. एवढी वर्षं हजार अंशांची भट्टी लावताना तो कोणाला जाणवला नव्हता, कारण कमी तापमानाची ग्लेझं एवढा फरक सोसून घेतात.

तरी दहाही मग वापरण्याजोगे निघाले. सोबत ठेवलेल्या, ग्लेझ नसलेल्या पट्ट्यांचं शोषण वरच्या शेल्फवर दोन टक्क्यांच्या खाली आलं, खालच्या शेल्फवर किंचित वर. रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवलेले मग सकाळी कोरडे होते. टिचकीला आवाज स्वच्छ.

एका गोष्टीने मात्र बाई दचकल्या: मग लहान झाले. बिस्कपासून कोन ६ पर्यंत माती प्रत्येक दिशेने पाच-सहा टक्के आकसली. लांबी-रुंदी-उंची तिन्ही सहा टक्क्यांनी कमी झाल्या की आतली जागा जवळपास सतरा टक्क्यांनी घटते. बिस्कला ३०० मिली मावत असेल तर आता २५० च्या आसपास. बाईंनी मापं बिस्क झालेल्या मगावरून ठरवली होती, कारण पहिले दहा मग बिस्कएवढेच राहिले होते. यापुढे त्या चाकावर ओल्या मगाचं माप घेताना एकूण बारा टक्के आकुंचन धरतात.

नव्या शिकणाऱ्यांना मी या प्रकरणानंतर एकच गोष्ट आग्रहाने सांगते: एक माती निवडा, तिच्या गोणीवरचा कोन वाचा, त्याच कोनाची दोन-तीन ग्लेझं घ्या आणि वर्षभर तिथेच राहा. लाल माती आणि कोन ०४ निवडलात तरी उत्तम. खर्च कमी, विजेचं बिल कमी, आणि रंग जास्त खुलतात. चहा-कॉफीची भांडी करायची असतील आणि भट्टी १२२० पर्यंत जाणारी असेल तर स्टोनवेअर घ्या. गॅसच्या भट्टीत ऑक्सिजन कमी ठेवून येणारे रंग सुंदर असतात, पण ते दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. आणि नव्या हत्यारांच्या संचाआधी कोनांचा एक डबा विकत घ्या.

दादांनी गाळ्यातल्या नोंदवहीत आता ग्लेझच्या रकान्याआधी मातीचा रकाना आखला आहे. शून्य गाळलं जाऊ नये म्हणून ते आकड्यासोबत तापमानही लिहून घेतात. खालच्या शेल्फजवळची तापणारी तार जुनी झाली आहे का, हे ते तपासून घेणार आहेत. तोवर कोन ६ चं काम ते वरच्या दोन शेल्फवरच लावतात.

पाझरणाऱ्या मगांपैकी काहींत बाईंनी ब्रश आणि पेन्सिली ठेवल्या, काहींत बुडाला भोक पाडून तुळशीची रोपं लावली. पानांचे चार मग ऑर्डरमधून काढून त्यांनी शोभेसाठी कमी तापमानातच ग्लेझ केले. गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन करून दहाच मग देता येतील असं सांगितलं, उरलेले नंतर. बशांचा प्रश्न मात्र राहिला. बशा ०६ ला भाजलेल्या, म्हणजे न आकसलेल्या, आणि त्यांच्यातली गोल खाच जुन्या, मोठ्या मगांच्या मापाची. नवा मग त्यात ठेवला की डुगडुगतो. बाई आता बशा पुन्हा करताहेत, त्याच गोणीच्या मातीच्या, आणि त्या मगांसोबत एकाच भट्टीत द्यायच्या असं ठरलं आहे.